लहान पुली बसवूनही वरच्या आरपीएमला ताकद का वाढत नाही? सुपरचार्जर आणि डायनो ट्यूनिंगविषयी प्रश्न

धागाकर्ता:

सर्वांना नमस्कार. माझ्या दोन आसनी स्पोर्ट्स कारला साडेतीन लिटरचे व्ही-६ इंजिन, कारखान्यातूनच बसवलेला रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर (बेल्टवर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप) आणि पाण्याच्या स्वतंत्र सर्किटवर चालणारा इंटरकूलर (ती हवा थंड करणारा भाग) आहे. गिअरबॉक्स सहा गिअरचा, मॅन्युअल आहे. ताकद वाढवावी म्हणून सुपरचार्जरची मूळ ७५ मिलिमीटर व्यासाची पुली काढून ६९ मिलिमीटरची बसवून घेतली, तिला साजेशा लांबीचा नवा बेल्ट घातला आणि इसीयूचा (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाचा) मॅप, म्हणजे इंधन व इग्निशनच्या तालिका, जुळवून घेण्यासाठी गाडी डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर) चढवली.

मूळ पुलीवर चाकांपाशी ३०० अश्वशक्ती मोजली गेली होती. नव्या पुलीवर पहिल्या रनमध्ये ३१८ मिळाली, पण लागोपाठ घेतलेल्या पुढच्या दोन रनमध्ये हा आकडा ३०९ आणि मग ३०१ असा उतरत गेला. बूस्टच्या (वातावरणापेक्षा जादा दाबाच्या) रेषेने मला अधिक बुचकळ्यात टाकले आहे. पूर्वी ती ०.५० बारच्या आसपास राहून शेवटी किंचित उतरत असे. आता ४,५०० आरपीएमला ०.६६ बार दिसतो, परंतु ६,००० च्या पुढे रेषा झपाट्याने खाली येते आणि ६,८०० ला ०.५४ वर टेकते. इंटरकूलरनंतरच्या हवेचे तापमान पहिल्या रनच्या शेवटी ७४ अंश, तर तिसऱ्याच्या शेवटी ९३ अंश सेल्सिअस होते.

ट्यूनरचे म्हणणे असे की, वरचा बूस्ट कमी पडतो आहे, तेव्हा ६५ मिलिमीटरची पुली बसवावी. हा सल्ला मानावा का? आणि मुळात ३०० व ३१८ या दोन आकड्यांतील फरकावर कितपत विसंबावे? डायनोचे आलेख वाचण्याची सवय असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १, यंत्रवेध:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर नक्की झाल्याशिवाय पहिल्याला हात घालण्यात अर्थ नाही.

दोन्ही मोजण्या एकाच डायनोवर, एकाच गिअरमध्ये आणि एकाच दुरुस्ती मानकाने (हवामानाच्या फरकाची भरपाई करून आकडा काढण्याच्या नियमाने) झाल्या होत्या का, हे आधी पाहा. आलेखाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत मानकाचे नाव छापलेले असते. एसएई जे१३४९ हे मानक मोजलेली ताकद २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कल कोरड्या हवेच्या हिशेबात बदलून दाखवते, तर जुने एसएई जे६०७ साधारण १५.५ अंश आणि समुद्रसपाटीचा पूर्ण दाब गृहीत धरते. त्यामुळे तीच गाडी, तोच रन जुन्या मानकाने छापला तर आकडा सुमारे चार टक्के मोठा दिसतो. तुमच्या बाबतीत चार टक्के म्हणजे १२ अश्वशक्ती होतात. १८ च्या वाढीतील १२ केवळ कागदावरची असू शकते. संगणकात मूळ नोंद जतन असेल तर दोन्ही रन एकाच मानकाने, आणि शक्य असल्यास कोणतीही दुरुस्ती न लावता, पुन्हा छापून मागा.

डायनोचा प्रकारही विचारून घ्या. केवळ जड रोलर फिरवणारा जडत्वाचा डायनो रोलरचा वेग किती झपाट्याने वाढला यावरून ताकद काढतो आणि रन किती वेळ चालेल हे त्यावर गाडीच ठरवते. एडी करंट ब्रेक (रोलरला अडवणारा विद्युतचुंबकीय ब्रेक) असलेल्या डायनोवर ती गती चालक ठरवू शकतो. हा वेग संथ ठेवला की इंजिन, फ्लायव्हील आणि चाके यांना गती देण्यात कमी ताकद खर्ची पडते, म्हणून आकडा थोडा वर जातो, पण इंजिन भाराखाली अधिक काळ राहिल्याने हवाही अधिक तापते. एक रन आठ सेकंदांचा आणि दुसरा पंधरा सेकंदांचा असेल तर त्यांची तापमाने शेजारी शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही. टायरमधील हवा आणि गाडी रोलरवर आवळून बांधणाऱ्या पट्ट्यांचा ताण यांनीही आकडा हलतो. चाकांशी नव्हे तर थेट हबशी (चाक ज्यावर बसते त्या भागाशी) जोडल्या जाणाऱ्या डायनोवर हा उपद्रव राहत नाही.

चाकांपाशी मोजलेल्या आकड्यात पंधरा टक्के मिळवून इंजिनाची ताकद जाहीर करण्याची जी पद्धत सर्रास दिसते, तिच्या वाट्याला जाऊ नका. ट्रान्समिशनमधील घट ही ठरावीक टक्केवारी नसते. ती तेलाच्या तापमानाबरोबर, गिअरबरोबर आणि टायरबरोबर बदलते. तुम्हाला हवा आहे तो आधीचा व नंतरचा फरक, आणि तो चाकांपाशीच मोजावा.

प्रतिसाद २, दाबमापक:

६५ ची पुली आत्ता बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्याच आकड्यांवरून ते दाखवता येईल.

७५ ची पुली ६९ ची केली की त्याच आरपीएमला सुपरचार्जर सुमारे ८.७ टक्के जोरात फिरतो. रूट्स सुपरचार्जर दर फेऱ्याला जवळपास ठरलेल्या आकारमानाची हवा पुढे ढकलतो, म्हणून पूर्वी वातावरणाच्या दीडपट असलेला दाब आता साधारण १.६३ ते १.६६ पट व्हायला हवा. ४,५०० आरपीएमचा तुमचा ०.६६ बार या हिशेबात चपखल बसतो. याचा अर्थ पुलीने आपले काम चोख केले आहे आणि वरच्या टोकाला जे हरवते आहे ते अन्य कारणाने. ते कारण न शोधता पुली आणखी लहान करणे म्हणजे गळकी टाकी भरण्यासाठी नळ मोठा करण्यासारखे आहे.

आता उष्णतेचा हिशेब पाहू. बाहेरची हवा ३० अंशांची आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर दीडपट दाबाला हवा सुमारे ९२ अंशांवर बाहेर पडते, १.६६ पट दाबाला हाच आकडा १०९ अंशांच्या आसपास जातो. हे वरचे सतरा अंश काढून टाकण्याचे काम त्याच इंटरकूलरवर, त्याच छोट्या पंपावर आणि बंपरमागच्या त्याच रेडिएटरवर येऊन पडते. शिवाय डायनोवरचा पंखा रस्त्यावरच्या वाऱ्याची बरोबरी क्वचितच करतो आणि पुष्कळदा त्याचा झोत मुख्य रेडिएटरवर रोखलेला असतो, खालच्या इंटरकूलर रेडिएटरवर नव्हे. त्यामुळे लागोपाठच्या रनमध्ये पाणीच तापत जाते. पाण्याच्या नळीवर तापमापक लावून एक साधी नोंद घ्या: रन सुरू होताना इंटरकूलरमध्ये जाणारे पाणी किती अंशांवर आहे? ते पहिल्या रनइतके थंड होईपर्यंत पुढचा रन घेऊच नये. पाणी थंड असूनही हवा तापत असेल तर इंटरकूलरचा गाभा अपुरा आहे. पाणीच गरम असेल तर दोष पंप, रेडिएटर किंवा त्यावरून जाणाऱ्या वाऱ्याचा.

वेग वाढवून हवा मिळवण्याची किंमत मोठ्या उत्पादकांनाही चुकलेली नाही. २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर१ मधील एलएस९ इंजिनावर २.३ लिटरचा सुपरचार्जर होता आणि ताकद ६३८ अश्वशक्ती होती. २०१५ च्या झेड०६ मधील एलटी४ इंजिनाचे आकारमान तेच, ६.२ लिटर, पण त्यावर १.७ लिटरचा लहान सुपरचार्जर बसवून तो २०,००० आरपीएमपर्यंत फिरवला गेला आणि ६५० अश्वशक्ती काढली गेली. ट्रॅकवर सलग चालवताना ही गाडी तापते, अशा तक्रारी मालकांकडून आल्या आणि २०१७ च्या मॉडेलमध्ये बॉनेटची हवेची छिद्रे मोठी करण्यात आली व सुपरचार्जरचे झाकण बदलण्यात आले. तुमच्या गाडीतही वेगाची मर्यादा तपासणे आवश्यक आहे. क्रँक पुलीचा व्यास भागिले सुपरचार्जर पुलीचा व्यास, गुणिले इंजिनाचा आरपीएम, इतका सरळ हिशेब आहे. उदाहरणादाखल क्रँक पुली १८० मिलिमीटरची असेल तर ७,००० आरपीएमला ७५ च्या पुलीवर सुपरचार्जर १६,८००, ६९ वर सुमारे १८,२६० आणि ६५ वर जवळपास १९,४०० आरपीएमने फिरेल. सुपरचार्जरच्या निर्मात्याने दिलेली कमाल मर्यादा यातल्या कोणत्या आकड्याला ओलांडली जाते, ते ट्यूनरकडून लेखी मागून घ्या.

राहिला बूस्ट उतरण्याचा प्रश्न. याची तीन कारणे संभवतात: बेल्ट घसरणे, सुपरचार्जरच्या आधीच्या वाटेत हवा अडणे, किंवा इसीयूने टॉर्कची मर्यादा पाळण्यासाठी थ्रॉटल (इंजिनाकडे जाणाऱ्या हवेची झडप) थोडा मिटून घेणे. बूस्टचा एकटा आलेख पाहून तिन्ही सारखेच दिसतात. त्यांना वेगळे करायचे तर थ्रॉटलचा कोन नोंदवा आणि थ्रॉटल व सुपरचार्जर यांच्या मध्ये एक निरपेक्ष (शून्यापासून मोजलेल्या) दाबाचा सेन्सर बसवा. सुपरचार्जरच्या आधीचा दाब ६,००० नंतर घसरत असेल तर हवा अडते आहे. तो स्थिर असून नंतरचा दाब घसरत असेल तर बेल्टकडे पाहा.

प्रतिसाद ३, सहावा गिअर:

माझ्या मते बेल्टच घसरत असणार. लहान पुलीवर बेल्टचा विळखा कमी अंशांचा होतो, पकड घटते आणि सुपरचार्जर फिरवायला लागणारी ताकद मात्र वाढते. आयडलर पुलीची (बेल्टला केवळ वळण देणाऱ्या पुलीची) जागा बदलून विळखा वाढवता येतो. ताण वाढवणे हा त्याहून सोपा मार्ग आहे, पण टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) भरमसाट आवळू नये, कारण तो भार थेट सुपरचार्जरच्या पुढच्या बेअरिंगवर आणि क्रँकच्या टोकावर येतो. बेल्ट काढून त्याच्या खाचा पाहा. त्या काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील आणि पुलीच्या आजूबाजूला काळी भुकटी उडालेली असेल तर आणखी पुरावा शोधण्याची गरज नाही.

धागाकर्ता:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे गाडी पुन्हा डायनोवर नेली. दोन्ही जुने आलेख जे१३४९ याच मानकाचे आणि चौथ्या गिअरचे निघाले, त्यामुळे ३०० आणि ३१८ यांची तुलना रास्त ठरते. यावेळी प्रत्येक रनआधी इंटरकूलरचे पाणी पहिल्या रनइतके थंड होऊ दिले आणि दुसरा पंखा खालच्या रेडिएटरसमोर ठेवला. तेवढ्याने लागोपाठच्या रनमधील ताकद ३१६ ते ३१९ च्या आत राहिली.

बेल्ट कोरडा असून त्याच्या खाचा मंद, खरखरीत आहेत. भुकटी कुठेही नाही. थ्रॉटल संपूर्ण रनभर पूर्ण उघडा होता. त्या दिवशीचा वातावरणाचा दाब १०० किलोपास्कल होता. सुपरचार्जरच्या आधीचा निरपेक्ष दाब ४,५०० आरपीएमला ९८, ६,००० ला ९६.५ आणि ६,८०० ला ९१ किलोपास्कल नोंदला गेला. बूस्ट पूर्वीसारखाच, ०.६६ वरून ०.५४ वर. लॅम्डा (हवा-इंधनाचे प्रमाण, १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जादा) ०.७९ ते ०.८० या पट्ट्यात स्थिर आहे, ६,८०० ला इंजेक्टरची ड्यूटी (उपलब्ध वेळेपैकी तो उघडा राहण्याचा वाटा) ८८ टक्के आहे आणि थंड रनमध्ये नॉकमुळे (सिलिंडरमधल्या मिश्रणाच्या अवेळी स्फोटामुळे) इग्निशन मागे घेतल्याची नोंद नाही. जुन्या तापलेल्या रनमध्ये मात्र ती दोन सिलिंडरांत तीन अंशांपर्यंत गेलेली दिसते.

प्रतिसाद ४, दाबमापक:

या आकड्यांनी प्रश्न जवळजवळ सोडवला आहे. ४,५०० ला सुपरचार्जरच्या नंतरचा निरपेक्ष दाब १६६ (वातावरणाचे १०० अधिक बूस्टचे ६६) आणि आधीचा ९८, म्हणजे गुणोत्तर १.६९. ६,८०० ला १५४ आणि ९१, म्हणजे पुन्हा १.६९. बेल्ट घसरला असता तर हे गुणोत्तर वरच्या आरपीएमला कमी झाले असते. ते जागचे हललेले नाही, म्हणून बेल्ट निर्दोष आहे. सुपरचार्जर मिळेल त्या दाबाला १.६९ ने गुणतो. त्यामुळे त्याच्या तोंडाशी हरवलेले सात किलोपास्कल मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) जवळपास बारा होऊन हरवतात. सुपरचार्जर असलेल्या गाडीत एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतची वाट इतकी मोलाची का असते, ते या एका गुणाकारात आहे.

आता ही वाट कुठे अडते ते पाहू. ठरावीक आकाराच्या नळीतून जाणाऱ्या हवेचा दाबक्षय साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४,५०० ला दोन किलोपास्कलचा क्षय असेल तर ६,००० ला तो साडेतीनच्या आसपास यावा, आणि तुमची नोंद नेमकी तेवढीच आहे. याच हिशेबाने ६,८०० ला साडेचार ते पाच अपेक्षित होता, पण नोंदला गेला नऊ. फिल्टर मळलेला असता किंवा नळी केवळ अरुंद असती तर क्षय सर्वच आरपीएमला त्याच प्रमाणात वाढला असता. ६,००० ते ६,८०० च्या मधेच तो उडी मारतो, याचा अर्थ तिथे वाटेचा आकारच बदलतो आहे. एअर बॉक्स (एअर फिल्टरची पेटी) आणि थ्रॉटल यांना जोडणारे रबरी कोपर, म्हणजे वाकलेली नळी, तपासा. इंजिन तापल्यावर रबर मऊ पडते आणि वाढलेल्या प्रवाहाला ते आतल्या बाजूने चिमटते. गाडी उभी असताना हाताने चाचपून हे कळेलच असे नाही, म्हणून रनच्या वेळी त्यावर छोटा कॅमेरा रोखून ठेवा, मात्र स्वतः बॉनेटवर वाकून पाहू नका. आतून तारेची गुंडाळी असलेले किंवा कडक भिंतीचे कोपर बसवले की हा दोष जाईल.

या दुरुस्तीनंतर ६,८०० ला सुपरचार्जरच्या आधी सुमारे ९५.४ आणि नंतर १६१ किलोपास्कल, म्हणजे ०.६१ बार बूस्ट मिळावा. आणखी लहान पुलीने हा दाब कदाचित मिळाला असता, पण वाढलेल्या ओढीने कोपर अधिकच चिमटले असते आणि हवाही अधिक तापली असती.

प्रतिसाद ५, यंत्रवेध:

दाबमापक यांच्या निदानाशी मी पूर्णपणे सहमत आहे. मात्र कोपर बदलून लगेच पूर्ण थ्रॉटलचा रन घेऊ नका. वरच्या टोकाला हवा साडेचार-पाच टक्के वाढणार आहे आणि इंजेक्टर आत्ताच ८८ टक्क्यांवर आहेत. त्याच हिशेबात ते ९२ च्या पुढे जातील. ८५ टक्क्यांच्या वर इंजेक्टरला मिटायला पुरेसा वेळ उरत नाही आणि इंधनाचे मोजमाप भरवशाचे राहत नाही. आजवर अडलेल्या हवेने ही उणीव झाकून ठेवली होती. म्हणून इंधनाचा दाब पूर्ण भाराखाली, शेवटच्या आरपीएमपर्यंत नोंदवा. तो ढळत असेल तर आधी पंप पाहा. तो स्थिर असेल तर मोठे इंजेक्टर बसवून त्यांची प्रवाहमापने मॅपमध्ये भरून घ्या आणि लॅम्डा पुन्हा ०.८० च्या आसपास आल्याची वाइडबँड सेन्सरवर (एक्झॉस्टमधून लॅम्डा मोजणाऱ्या सेन्सरवर) खात्री करा. आणि तोपर्यंत आरपीएमची मर्यादा ६,२०० वर आणून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

इग्निशनचे काम त्यानंतरचे. ट्यूनरला ब्रेकच्या साहाय्याने इंजिन ठरावीक आरपीएमला आणि ठरावीक भाराला धरून ठेवायला सांगा, म्हणजे इग्निशन एकेक अंश पुढे नेताना टॉर्क किती वाढतो हे प्रत्येक पायरीवर दिसेल. एखाद्या अंशाने टॉर्क वाढेनासा झाला की तो अंश मागे घ्यावा, कारण त्यातून ताकद मिळत नाही, केवळ सिलिंडरमधला दाब चढतो. भरपूर बूस्टखाली मात्र पंपावरच्या पेट्रोलवर बहुधा तो बिंदू येण्याआधीच नॉक सुरू होतो. अशा ठिकाणी नॉकच्या उंबरठ्यापासून दोन-तीन अंश मागे थांबावे. वरच्या बूस्टला इंजिन फार वेळ धरून ठेवण्याचा मोह टाळावा, तिथे छोटे रनच घ्यावेत. स्पार्क प्लग एका श्रेणीने थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणाऱ्या) प्रकारचे घ्यावेत आणि वाढलेल्या दाबात ठिणगी विझू नये म्हणून त्यांची फट थोडी कमी ठेवावी.

तुमच्या जुन्या नोंदीतील ते तीन अंश मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. हवा तापली की इग्निशन मागे घेण्याची एक तालिका इसीयूत आधीपासून असते. तिने घेतलेले अंश हे ठरवून केलेले संरक्षण आहे. नॉक सेन्सरने घेतलेले अंश मात्र नॉक प्रत्यक्ष घडून गेल्यानंतरचे असतात. तुमच्या दोन सिलिंडरांत नॉक झाला, याचा अर्थ ९० अंशांच्या वरची ती तालिका नव्या बूस्टसाठी पुरेशी मागे नाही. ट्यूनरने थंड रनवर मॅप पूर्ण केला की मुद्दाम लागोपाठ रन घेऊन हवा ९० अंशांच्या वर जाऊ द्यावी आणि नॉक सेन्सरला एकदाही हात घालावा लागणार नाही इतके अंश त्या तालिकेत काढून ठेवावेत. तापलेल्या रनमध्ये ताकद ३०५ ला आली तरी चालेल. ती घट मॅपने ठरवलेली असावी, नॉकमुळे ओढवलेली नसावी.

कोपर आणि इंजेक्टर बदलल्यावरच्या नोंदी, विशेषतः सुपरचार्जरच्या आधीचा दाब आणि इंधनाचा दाब, इथे अवश्य द्या. ६५ च्या पुलीचा विचार करायचाच असेल तर तो त्या नोंदी आणि सुपरचार्जरची कमाल वेगमर्यादा समोर ठेवून करता येईल.